संप प्राध्यापकांचा, शिक्षा गरिबांच्या लेकरांना!

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी नायजेरियातील सरकारी विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी संप पुकारला. सुरुवातीला तो एक महिन्याचा इशारा संप होता. पुढे तो वाढत गेला आणि १४ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे बरोबर आठ महिन्यांनी, मागे घेण्यात आला. हे आठ महिने आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या देशातील लाखो विद्यार्थी घरी बसून होते. ते घरी बसलेले असतानाच, एप्रिल महिन्यात, तेथील सत्ताधारी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा अर्ज विकायला काढला. त्या एका अर्जाची किंमत होती दहा कोटी नायरा! एका बाजूला विद्यापीठांसाठी पैसा नाही असे सांगणारे सरकार आणि दुसऱ्या बाजूला दहा कोटींचे अर्ज हसत हसत विकत घेणारे त्याच सरकारातले पुढारी. शेवटी सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी लागोस शहराच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता अडवला. त्यांचे म्हणणे साधे होते. आमची विद्यापीठे बंद आहेत, तर तुमच्या मुलांना परदेशातील विद्यापीठांत घेऊन जाणारी विमाने तरी का उडावीत?

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारण या एका प्रश्नात उच्च शिक्षणाचे सगळे राजकारण उघडे पडते.

वाचक म्हणतील, कुठला नायजेरिया आणि कुठले आपण? पण आपले आणि त्यांचे नाते दिसते तितके दूरचे नाही. ज्या इंग्रजांनी १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ काढले, त्यांनीच १९४८ मध्ये इबादान येथे लंडन विद्यापीठाला जोडलेले कॉलेज काढले. तेच नायजेरियातील पहिले विद्यापीठ. आणखी एक नाते आहे, ते दुखरे आहे. नायजेरियाच्या पूर्व भागातील इग्बो समाजात 'ओसू' म्हणून एक वर्ग आहे. ज्यांचे पूर्वज देवाला वाहिले गेले, त्यांच्या वंशजांनाही पिढ्यान् पिढ्या वेगळे ठेवायचे, त्यांच्याशी बेटीव्यवहार करायचा नाही, अशी ही प्रथा. १९५६ मध्ये तेथील प्रांतिक विधिमंडळाने कायदा करून ती रद्द केली. पण लग्नाच्या वेळी 'ते कोण आहेत' ही चौकशी आजही थांबलेली नाही. जन्माने लागलेला शिक्का पुसण्याचे साधन म्हणून शिक्षणाकडे पाहणारी माणसे तिथेही आहेत आणि इथेही आहेत. म्हणून त्यांच्या विद्यापीठाला लागलेले कुलूप आपण परके मानू शकत नाही.

१९६० मध्ये नायजेरिया स्वतंत्र झाला. पुढे तेलाचा पैसा आला. १९७७ मध्ये विद्यापीठीय शिक्षणाची शिकवणी फी माफ करण्यात आली. शेतकऱ्याचा, मच्छीमाराचा, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा मुलगा विद्यापीठात दिसू लागला. पण दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, लष्करी सरकारने वसतिगृहातील जेवणाचा खर्च दिवसाला दीड नायरावरून दोन नायरा केला. अर्धा नायरा म्हणजे काय, असे राज्यकर्त्यांना वाटले असेल. ज्याच्या खिशात अर्धा नायराही नसतो त्याला तो काय असतो ते विचारावे. देशभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शिक्षण खात्याचे प्रमुख कर्नल अहमदू अली यांच्या नावावरून 'अली मस्ट गो' म्हणून ते आंदोलन ओळखले जाते. त्यात गोळीबार झाला, विद्यार्थी मारले गेले आणि विद्यार्थी संघटनेवर बंदी आली. त्यानंतर १९८६ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या सल्ल्याने 'स्ट्रक्चरल अॅडजस्टमेंट'चा कार्यक्रम आला. नायराची किंमत कोसळली, सरकारने हात आखडते घेतले आणि चांगले प्राध्यापक देश सोडून जाऊ लागले. दुखण्याचे मूळ इथे आहे. त्यामुळे आजची दुरवस्था केवळ संपांमुळे झाली असे जे सांगतात ते अर्धसत्य सांगतात.

त्याच १९७८ साली प्राध्यापकांची 'अकॅडमिक स्टाफ युनियन ऑफ युनिव्हर्सिटीज' ही संघटना उभी राहिली. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. लष्करशाहीच्या काळात, १९८८ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये, या संघटनेवर बंदी घातली गेली. तरी ती मोडली नाही. १९९२ च्या संपानंतर जो करार झाला, त्यातून पुढच्या वर्षी शिक्षण कर आला. कंपन्यांच्या नफ्यावर दोन टक्के कर लावायचा आणि तो शिक्षणासाठीच वापरायचा, अशी ती मूळ योजना होती. आज नायजेरियातील सरकारी विद्यापीठांत जी नवी वर्गखोली किंवा प्रयोगशाळा दिसते, ती बहुधा याच पैशातून उभी राहिलेली असते. म्हणजे संपाने काहीच मिळत नाही, हे खरे नाही. या लढ्यात माणसेही गेली. संघटनेचे माजी अध्यक्ष आणि नामवंत कादंबरीकार फेस्टस इयायी हे नोव्हेंबर २०१३ मध्ये संपाविषयीच्या बैठकीसाठी कानो शहराकडे निघाले होते. वाटेत एका राज्याच्या गव्हर्नरच्या ताफ्यातील गाडीशी झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. सत्तेच्या भरधाव गाड्यांपुढे शिक्षकाचे काय होते, हे याहून वेगळे सांगायला नको.

सरकारचा शब्द किती पोकळ असतो, हे पाहायचे असेल तर २००९ च्या कराराची कहाणी पाहावी. चार महिन्यांच्या संपानंतर तो झाला. पगार, निधी, स्वायत्तता असे सगळे त्यात होते आणि दर तीन वर्षांनी फेरविचार करण्याचे कलमही होते. पण अंमलबजावणी रखडली. २०१२ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने विद्यापीठांची पाहणी केली. तिच्या अहवालातून बाहेर आलेले चित्र असे होते : काही प्रयोगशाळांत बर्नरऐवजी रॉकेलचे स्टोव्ह, क्षमतेच्या कित्येक पट भरलेले वर्ग, एका शिक्षकामागे शंभराहून अधिक विद्यार्थी असलेली विद्यापीठे. २०१३ मध्ये साडेपाच महिन्यांचा संप झाला. तेव्हा सरकारने सहा वर्षांत सुमारे १.३ लाख कोटी नायरा देण्याचे कबूल केले. पहिला हप्ता दिला आणि पुढे हात वर केले. कराराच्या फेरविचारासाठी एकामागून एक चार समित्या झाल्या. बाबालाकिन झाले, जिब्रिल झाले, ब्रिग्ज झाले, यायाले अहमद झाले. समित्या बदलल्या, प्राध्यापकांच्या हाती काही पडले नाही. २००९ मध्ये एका डॉलरला सुमारे दीडशे नायरा मोजावे लागत, २०२४ मध्ये तो आकडा दीड हजाराच्या घरात गेला. प्राध्यापक मात्र २०२३ पर्यंत जवळजवळ जुन्याच वेतनश्रेणीवर होते. अशा माणसाने संप करू नये, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण इथेच आपल्याला थांबून दुसरा प्रश्न विचारावा लागतो. या संपाची किंमत कोण मोजतो?

सरकार मोजत नाही. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो, म्हणून मालक वाटाघाटीला येतो. विद्यापीठ बंद पडले तर मंत्र्याचे काय बुडते? त्याची मुले त्या विद्यापीठात नसतातच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांची मुले ब्रिटनमध्ये शिकली, हे जगजाहीर आहे. जे परदेशी जाऊ शकत नाहीत पण पैसेवाले आहेत, त्यांच्यासाठी खासगी विद्यापीठे आहेत. १९९९ मध्ये पहिल्या तीन खासगी विद्यापीठांना परवाना मिळाला, आज त्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. संपाच्या आठ महिन्यांत तिथले वर्ग सुरळीत चालू होते, परीक्षा होत होत्या, पदव्या दिल्या जात होत्या. म्हणजे संपाने देशातले शिक्षण बंद पडत नाही. ज्यांना सरकारी विद्यापीठाशिवाय दुसरे दारच नाही, त्यांचेच तेवढे शिक्षण बंद पडते!

१९९९ मध्ये लोकशाही आल्यापासून २०२२ पर्यंत या संघटनेने पंधराहून अधिक वेळा संप केला. २०२० मध्येही मार्च ते डिसेंबर असे नऊ महिने गेले. चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण व्हायला सहा वर्षे लागतात, हे तिथे आता कुणाला नवल वाटत नाही. आता हिशेब करा. दरवर्षी पंधरा ते वीस लाख मुले प्रवेश परीक्षा देतात आणि त्यातली बहुसंख्य बाहेरच राहतात. अनेकांना दोन-तीन वेळा परीक्षा द्यावी लागते. प्रवेश मिळेपर्यंत वय वाढलेले असते, त्यात संपाची दोन वर्षे जातात. पदवीनंतर वर्षभराच्या राष्ट्रीय सेवेत जाण्यासाठी पदवीच्या वेळी वय तीसच्या आत असावे लागते. नोकरी देणारेही वयाची अट घालतात. म्हणजे चूक एकाची, करार मोडला दुसऱ्याने आणि वय उलटून गेल्याचा ठपका मात्र तिसऱ्याच्या कपाळी! आणि मुलींचे काय? आठ महिने घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाचा विषय गरीब घरात किती दिवस टाळता येतो, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

नायजेरियाच्या केंद्रीय विद्यापीठांत प्रवेशाचे एक सूत्र आहे. ४५ टक्के जागा गुणवत्तेवर, ३५ टक्के विद्यापीठाच्या परिसरातील राज्यांसाठी आणि २० टक्के शिक्षणात मागे राहिलेल्या राज्यांसाठी. त्यावर तिथेही 'गुणवत्ता बुडाली' म्हणून ओरड होते. ती ओरड आपल्या कानांना ओळखीची आहे. पण आमचा सवाल वेगळा आहे. ज्या दाराला वर्षातले आठ महिने कुलूप असते, त्या दारातून आत जाण्याचा राखीव हक्क घेऊन मागास भागातल्या मुलाने करायचे काय? कागदावर राखीव जागा ठेवायच्या आणि संस्थाच मोडकळीस आणायची, ही आरक्षण संपवण्याची सर्वांत सोयीची रीत आहे. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही.

आता प्राध्यापकांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. चळवळीच्या माणसाने आपल्या माणसांच्या चुकांवर पांघरूण घालू नये. सरकारी विद्यापीठात नोकरी करायची आणि खासगी विद्यापीठात जाऊन तासही घ्यायचे, असे करणारे तिथे कमी नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये बीबीसीने गुप्त कॅमेऱ्याने केलेल्या तपासातून, गुणांच्या आणि प्रवेशाच्या बदल्यात मुलींकडे शरीरसुखाची मागणी करणारे प्राध्यापक जगासमोर आले. २०२० मध्ये तेथील सिनेटने अशा प्राध्यापकांना शिक्षा देणारे विधेयक संमत केले, तेव्हा प्राध्यापकांच्या संघटनेने त्याला विरोध केला. कारण काय दिले? विद्यापीठाची स्वायत्तता! पगारासाठी विद्यापीठ बंद करणारी संघटना विद्यार्थिनीच्या अब्रूचा प्रश्न आला की स्वायत्ततेची ढाल पुढे करते, हे आम्हाला मान्य नाही. २०२२ च्या संपानंतर वादाचा मोठा विषय होता तो संपकाळातील पगार. आठपैकी चार महिन्यांचा पगार सोडण्यास २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. मिळायलाच हवी होती. पण विद्यार्थ्यांचे आठ महिने कोणी परत दिले? तशी मागणी तरी कोणत्या टेबलावर मांडली गेली?

अशा वेळी आम्ही बाबासाहेबांकडे पाहतो. संपाबाबत बाबासाहेबांची भूमिका काय होती? १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणून कामगारांच्या संपाच्या हक्कावर घाला घातला. तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात ठासून सांगितले की, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप घडवून आणला. पण हेच बाबासाहेब १९२९ मध्ये मुंबईच्या गिरणी संपाच्या विरोधात उभे राहिले होते. का? कारण संपात उपाशी मरत होता अस्पृश्य कामगार आणि त्याच अस्पृश्य कामगाराला अधिक मजुरी असलेल्या विणकाम खात्यात शिरकाव नव्हता. त्या अन्यायाबद्दल संपाचे पुढारी तोंड उघडायला तयार नव्हते. ज्याच्या पोटावर संप चालतो, त्याचे गाऱ्हाणे संपाच्या मागण्यांत हवे, ही बाबासाहेबांची अट होती. या दोन भूमिकांत विसंगती नाही. संपाचा हक्क अबाधित आहे, पण सर्वांत खालच्या माणसाला वगळून केलेला संप त्याचा नसतो. नायजेरियातील प्राध्यापकांच्या संपाला, आणि जगातल्या कोणत्याही शिक्षकांच्या संपाला, हीच कसोटी लावली पाहिजे.

सरकार सुधारणेच्या नावाखाली काय करते आहे, तेही पाहू. २०२३ मध्ये विद्यार्थी कर्जाचा कायदा झाला, २०२४ मध्ये तो नव्याने करण्यात आला. कर्ज बिनव्याजी आहे आणि काहींना त्याचा आधारही होईल. पण त्याच २०२३ मध्ये लागोस विद्यापीठाचे वार्षिक शुल्क १९ हजार नायरांवरून एकदम एक लाखाच्या पुढे गेले. आधी फी वाढवायची आणि मग ती भरायला कर्ज द्यायचे, हा प्रकार सावकारीहून फार वेगळा नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सांगितले होते की, खालच्या वर्गातील मुले आता कुठे शाळा-कॉलेजांच्या दारात येत आहेत, अशा वेळी शिक्षण त्यांना होईल तितके स्वस्त केले पाहिजे. जवळपास शंभर वर्षे झाली, तरी हे वाक्य नायजेरियालाही लागू पडते आणि भारतालाही.

दुसरा उद्योग म्हणजे नवनवी विद्यापीठे काढण्याचा. २०११ मध्ये एका फटक्यात नऊ केंद्रीय विद्यापीठे स्थापन झाली. पुढाऱ्याला आपल्या भागात पाटी हवी असते, पाटीच्या मागे वर्ग आहे की नाही हे कोण पाहतो? अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारला नव्या केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांवर सात वर्षांची बंदी घालावी लागली. त्या वेळी शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले की, उत्तरेतील एका विद्यापीठात विद्यार्थी ८०० पेक्षा कमी आणि कर्मचारी १२०० आहेत! एकीकडे शंभर मुलांमागे एक शिक्षक आणि दुसरीकडे हा प्रकार. याला नियोजन म्हणायचे की लूट?

मग खरी सुधारणा कोणती? आमच्या मते ती चार गोष्टींपासून सुरू होते. पहिली, सरकारने केलेला करार हा कायद्याइतकाच बंधनकारक असावा. महागाईप्रमाणे पगार आपोआप वाढला पाहिजे, त्यासाठी दर वेळी विद्यापीठ बंद पाडण्याची वेळ येऊ नये. दुसरी, शिक्षण कराचा पैसा कुठे गेला याचा हिशेब प्रत्येक विद्यापीठाने विद्यार्थ्यांसमोर मांडावा. तिसरी, वाटाघाटीच्या टेबलावर सरकार आणि प्राध्यापक यांच्यासोबत विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी बसला पाहिजे, आणि बुडालेले दिवस कसे भरून काढायचे हे करारात लिहिल्याशिवाय संप मिटला असे मानू नये. चौथी गोष्ट प्राध्यापकांच्या उत्तरदायित्वाची आहे. मुलींच्या तक्रारी ऐकणारी यंत्रणा प्राध्यापकांच्या हाताबाहेरची असली पाहिजे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. संस्था विद्यार्थ्याच्या गरजेतून उभी राहते, ती मंत्र्याच्या किंवा प्राध्यापकाच्या सोयीसाठी नसते, हा त्यातला धडा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नायजेरियात पुन्हा दोन आठवड्यांचा इशारा संप जाहीर झाला आणि मुदतीआधीच मागे घेतला गेला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये सरकार आणि संघटना यांच्यातील नवा करार जाहीर झाला. २००९ चा करार बदलायला सोळा वर्षे लागली! हा करार पाळला जावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण कागद आणि व्यवहार यांतले अंतर आपण पुरते ओळखून आहोत.

आपल्याकडेही २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे असे तीन महिने महाराष्ट्रातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता. त्यांच्या मागण्यांत तथ्य होते. पण निकाल लांबला तर कोणाची शिष्यवृत्ती अडकते, कोणाला वसतिगृह सोडून गावी जावे लागते, याचा विचार त्या वेळी किती जणांनी केला? आणि वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणारे, तासाच्या हिशेबाने मानधन घेणारे आपले उच्चशिक्षित तरुण कोणत्या मोठ्या संपाची पहिली मागणी झाले? आपल्या समाजातून आज शेकडो प्राध्यापक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आहेत. ते बाबासाहेबांच्या पुण्याईने तिथे पोहोचले आहेत. त्यांनी संघटनेत जरूर जावे, लढावे, वेळ आली तर संपही करावा. पण मागण्यांची यादी लिहिताना शेवटच्या बाकावर बसलेल्या, पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुला-मुलींचे नाव त्या यादीत सर्वांत वर लिहावे. तसे झाले तर विद्यार्थीच त्या संपाच्या अग्रभागी उभे राहतील आणि कोणत्याही सरकारला तो आठ महिने रेंगाळत ठेवण्याची हिंमत होणार नाही.

जयभीम!